देश दिवाळखोर झाला तर जाब कुणाला आणि कसा विचारायचा? श्रीलंकेचा निकाल समजून घेऊ

१४ नोव्हेंबर २०२३ ला श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने एक निकाल दिला. माजी राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे, त्यांचे थोरले भाऊ आणि माजी पंतप्रधान महिंदा, धाकटे भाऊ आणि माजी अर्थमंत्री बासिल, मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर आणि सरकारातले काही वरिष्ठ अधिकारी या सगळ्यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला, आपल्या कृतीने आणि वेळेवर काही न करण्याने देशाला आर्थिक खाईत लोटलं आणि त्यामुळे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचं उल्लंघन झालं, असं न्यायालयाने म्हटलं. यापुढचा आदेश मात्र अगदी लहान आहे. खटल्याचा खर्च म्हणून अर्जदारांना दीड-दीड लाख श्रीलंकन रुपये द्यायचे. त्या वेळच्या दराने ही रक्कम भारतीय चाळीस हजारांच्याही आत भरते. तुरुंगवास नाही, दंड नाही, मालमत्तेवर टाच नाही.

एवढ्या मोठ्या ठपक्यानंतर एवढीशी रक्कम कशी, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच. त्याचं उत्तर शोधताना सरकारला आर्थिक संकटासाठी जबाबदार धरणं म्हणजे नेमकं काय, ते कुठे जमतं आणि कुठे अडतं, हे बरंच उलगडतं.

आधी घडलं काय ते पाहू.

गोटाबाया नोव्हेंबर २०१९ मध्ये ५२ टक्क्यांहून थोडी जास्त मतं घेऊन निवडून आले. प्रचारात त्यांनी करकपातीचं आश्वासन दिलं होतं आणि १ डिसेंबर २०१९ पासून व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. चर्चा झाली ती या दराची. खरी जखम दुसरीकडे होती. व्हॅटखाली नोंदणी करण्यासाठीची उलाढालीची मर्यादा वर्षाला १ कोटी २० लाख रुपयांवरून थेट ३० कोटींवर नेली. म्हणजे २५ पट. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं, तर माल विकणाऱ्यासाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारण ४० लाख आहे, ती उद्या एका फटक्यात १० कोटी केली असं समजा. गावातलं मोठं किराणा दुकान, हार्डवेअरवाला, कापडाचा घाऊक व्यापारी, मंगल कार्यालय, सगळे एका रात्रीत कराच्या जाळ्याबाहेर.

यात केवळ त्या वर्षीचा पैसा बुडत नाही. व्हॅट किंवा जीएसटीची साखळी बिलावर चालते. मी माल घेताना भरलेला कर मला परत वळता करून घ्यायचा असतो, म्हणून मी समोरच्याकडे पक्कं बिल मागतो. त्याने पक्कं बिल दिलं की त्याची विक्री सरकारला आपोआप दिसते. मधल्या कड्या काढून टाकल्या की बिल मागणारं कुणी उरत नाही आणि कर खात्याला कोण किती धंदा करतो हेच दिसेनासं होतं. त्याच सुमारास पगारातून मालकाने कर कापून भरण्याची पद्धत आणि ठेवींच्या व्याजावर उगमातच होणारी करकपात हीसुद्धा बंद केली. कर ज्या वाटांनी न मागता येत होता त्या वाटाच अशा बुजवल्या. दर पुन्हा वाढवायला एक अधिसूचना पुरते, पण बाहेर गेलेले करदाते परत आणायला वर्षं लागतात. २०१९ मध्ये सरकारचं उत्पन्न जीडीपीच्या साधारण साडेबारा टक्के होतं. २०२१ मध्ये ते साडेआठ टक्क्यांच्या आसपास घसरलं.

मग खर्च कसा भागवला? मध्यवर्ती बँकेने सरकारची ट्रेझरी बिलं, म्हणजे थोड्या मुदतीची कर्जपत्रं, स्वतःच विकत घेतली. सोप्या शब्दांत, नोटा छापल्या. छापलेल्या रुपयाने शिक्षकाचा पगार देता येतो. तेल, औषधं, गॅस आणि कोळसा बाहेरून येतो, त्याला डॉलर लागतात आणि डॉलर कोलंबोत छापता येत नाहीत. २०२० मध्ये देशाची कर्ज फेडण्याची ऐपत जोखणाऱ्या पतमानांकन संस्थांनी श्रीलंकेचं मानांकन इतकं खाली आणलं की परदेशी बाजारातून नवं कर्ज मिळणं बंद झालं. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज काढायचं, हा देशाचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. तोच तुटला.

त्यातच २०२१ च्या सप्टेंबरपासून मध्यवर्ती बँकेने डॉलरचा भाव २०० ते २०३ रुपयांवर धरून ठेवला. बाहेरच्या बाजारात त्याहून बराच जास्त भाव मिळत होता. आखातात काम करणाऱ्या माणसाने महिन्याला ३०० डॉलर घरी पाठवायचे ठरवले, तर बँकेतून ६० हजार आणि हवालातून त्याहून कितीतरी जास्त पडत. तो कोणती वाट धरेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. परदेशातल्या श्रीलंकन कामगारांनी अधिकृत मार्गाने पाठवलेला पैसा २०२० मध्ये ७१० कोटी डॉलर होता, २०२१ मध्ये तो ५५० कोटींच्या जवळ आला. रुपयाची पत राखण्यासाठी म्हणून धरलेल्या भावानेच डॉलरची आवक आटवली. ७ मार्च २०२२ ला धरलेला हात सोडला, तेव्हा मे महिन्यापर्यंत डॉलर ३६० रुपयांवर गेला.

१२ एप्रिल २०२२ ला सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. मे महिन्याच्या सुरुवातीला अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की वापरता येईल असं परकीय चलन ५ कोटी डॉलरसुद्धा उरलेलं नाही. पुढे जुलैपासून क्यूआर कोडवर पेट्रोल मिळू लागलं: मोटरसायकलला आठवड्याला ४ लिटर, रिक्षाला ५. पाच लिटरमध्ये आठवडाभर रिक्षा चालवून घर चालवायचं म्हणजे काय, हे जो रिक्षा चालवतो त्याला विचारावं. सप्टेंबरमध्ये कोलंबोतला महागाईचा दर ६९.८ टक्के होता.

चूक आणि बेजबाबदारी यांतली रेघ

सरकारचा निर्णय चुकला म्हणून कुणाला कोर्टात उभं करता येत नाही आणि येऊही नये. तसं झालं तर कुठलाच मंत्री कुठलाच अवघड निर्णय घेणार नाही, फायली टेबलावरून टेबलावर फिरत राहतील. शिवाय संकटाला नशिबाचा भागही असतो. राजपक्षे सरकारचा बचाव तोच होता आणि तो अगदी पोकळ नव्हता. एप्रिल २०१९ मधल्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी पर्यटनाचं कंबरडं मोडलं होतं, मग कोविड आला. २०१८ मध्ये २३ लाखांवर पर्यटक आले होते, २०२१ मध्ये दोन लाखसुद्धा आले नाहीत. परदेशी रोख्यांचं, म्हणजे परदेशी गुंतवणूकदारांकडून घेतलेल्या डॉलरमधल्या कर्जाचं, ओझंही एकट्या त्यांनी चढवलेलं नव्हतं. त्याआधीच्या सरकारांनीही ते रोखे भरपूर विकले होते.

मग रेघ कुठे ओढायची? आमच्या मते ती तारखेवर ओढायची. अमुक दिवशी निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर कोणती माहिती होती, त्या दिवशी त्याच्या हातात दुसरा कोणता मार्ग होता, आणि तो मार्ग का घेतला नाही याचं कारण कुठे लिहून ठेवलं आहे का. पुढचं सगळं यावरच ठरतं.

करकपातीला ही कसोटी लावून पाहा. ती लागू झाली १ डिसेंबर २०१९ ला. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं ११ मार्च २०२० ला. म्हणजे करकपात कोविडमुळे झालेली नाही. कोविड आला तेव्हा तिजोरीला आधीच भोक पडलेलं होतं. तरी समजा, डिसेंबर २०१९ मध्ये अर्थव्यवस्थेला चालना मिळेल असं कुणाला मनापासून वाटलं असेल. ती चूक म्हणू. पण २०२० मध्ये उत्पन्न कोसळलेलं दिसलं, मानांकन घसरलं, कर्ज मिळणं बंद झालं, आणि तरीही कर जिथल्या तिथे राहिले. व्हॅट ८ वरून १२ टक्क्यांवर गेला तो जून २०२२ मध्ये, देश बुडाल्यानंतर, नव्या पंतप्रधानांच्या हाताखाली. मधल्या दोन वर्षांचं काय? चूक समजल्यावर ती तशीच ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे रेघ ओलांडली जाते.

१८ जानेवारी २०२२ ची ५० कोटी डॉलरची फेड हे याहून टोकदार उदाहरण. त्या दिवशी एका आंतरराष्ट्रीय रोख्याची मुदत संपली आणि श्रीलंकेने पूर्ण रक्कम भरली. आजवर एकही हप्ता चुकवला नाही, हा देशाचा अभिमान होता आणि त्याला किंमत होतीच. पण तिजोरीत काय होतं? डिसेंबर अखेर गंगाजळी ३१० कोटी डॉलर दाखवली जात होती. त्यातले साधारण दीडशे कोटी म्हणजे चीनच्या मध्यवर्ती बँकेशी झालेल्या चलन-अदलाबदलीचे युआन होते. तेलाच्या जहाजाचे पैसे भागवायला ते चालत नव्हते. उरले दीडशे कोटींच्या आसपास, म्हणजे एका महिन्याच्या आयातीपेक्षाही कमी. त्यातले ५० कोटी एका दिवसात रोखेधारकांना दिले. तीन महिन्यांनी फेड थांबवावी लागलीच.

जानेवारीत थांबून, अडचणीतल्या देशांना अटींवर कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जाऊन, हातात थोडे डॉलर असताना वाटाघाटी केल्या असत्या तर? गव्हर्नर अजित निवार्ड कब्राल नाणेनिधीकडे जाण्याच्या विरोधात होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी सहा महिन्यांचा स्वतःचा आराखडा जाहीर केला होता आणि त्यावरच भिस्त ठेवली. सहा महिने संपता संपता, ३१ मार्च २०२२ च्या सुमारास कोलंबोत दिवसाला १३ तास वीज जात होती. ४ एप्रिलला त्यांनी राजीनामा जाहीर केला.

निकालापर्यंतची वाट

भारतात आपण कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जातो, तसं श्रीलंकेत कलम १२६ आहे. मूलभूत हक्काचा भंग झाला की एका महिन्याच्या आत अर्ज करायचा. आर्थिक धोरणाच्या बाबतीत ही मुदत मोठी अडचण ठरते, कारण निर्णय आज होतो आणि त्याचा मार दोन वर्षांनी बसतो. भंग अजून चालूच आहे, हे अर्जदारांना दाखवावं लागतं. पदावर असताना राष्ट्राध्यक्षाला वैयक्तिकरीत्या कोर्टात खेचण्यापासून संरक्षण असतं, ते पद गेलं की गळून पडतं.

जून २०२२ मध्ये भ्रष्टाचारविरोधी काम करणारी एक संस्था, एक उद्योगक्षेत्रातले जाणते, एक माजी ऑलिंपिक जलतरणपटू आणि काही प्राध्यापक असे दोन गट अर्ज घेऊन गेले. त्यांनी हक्क निवडला तो कलम १२(१) चा, कायद्यासमोर समानता. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं. महागाईचा आणि समानतेचा काय संबंध? त्यामागचा युक्तिवाद असा: राज्यकर्त्याकडची सत्ता ही त्याची मालकी नाही, ती जनतेने ठेव म्हणून दिलेली आहे. विश्वस्ताने ठेव मनमानीने उधळली, तर तो सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण नाकारतो. हेच विश्वस्ताचं तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या जमिनीच्या प्रकरणात मान्य केलं होतं. तिथे ठेव होती नदी, इथे ठेव होती तिजोरी.

न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२२ ला अर्ज दाखल करून घेतले आणि त्याच वेळी सगळ्यात महत्त्वाचं पाऊल उचललं, असं आम्हाला वाटतं. महालेखापरीक्षकांना ठरावीक निर्णयांची तपासणी करून अहवाल द्यायला सांगितलं: डॉलर २०३ रुपयांवर का धरला, नाणेनिधीकडे जायला उशीर का झाला, आणि जानेवारीतले ५० कोटी डॉलर का भरले. म्हणजे वाद भाषणांतून काढून फायलींवर आणला. कुणी कुणाला काय कळवलं, मध्यवर्ती बँकेच्या मॉनेटरी बोर्डाच्या बैठकीत काय नोंदलं गेलं, हे पुराव्यात आलं. धोरण चांगलं होतं की वाईट यावर न्यायमूर्ती अर्थतज्ज्ञ होऊन बोलू शकत नाहीत. इशारा मिळाल्याचा कागद आहे आणि त्यावर काही न केल्याचाही कागद आहे, एवढं ते नक्की बोलू शकतात.

रक्कम लहान का, याचं उत्तरही इथेच आहे. अर्जदारांनी नुकसानभरपाई मागितलीच नव्हती. मूलभूत हक्काच्या अर्जात न्यायालय मुख्यतः घोषणा करतं: भंग झाला, आणि तो यांनी केला. हा फौजदारी खटला नाही. तुरुंगात पाठवायला चोरीचा किंवा लाचखोरीचा पुरावा लागतो, तो स्वतंत्र खटल्यात सिद्ध व्हावा लागतो. नुसत्या वाईट कारभाराला गुन्हा म्हणणारं कलम बहुतेक देशांत नाही.

संसद आणि मतपेटी

संसदीय लोकशाहीत पहिला जाब संसदेने विचारायचा असतो, आणि श्रीलंकेत ती सर्वांत कमजोर कडी ठरली. ऑगस्ट २०२० मध्ये राजपक्षेंच्या पक्षाने २२५ पैकी १४५ जागा जिंकल्या, ऑक्टोबरमध्ये विसावी घटनादुरुस्ती करून राष्ट्राध्यक्षांच्या हाती बरेच अधिकार एकवटले. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि अर्थमंत्री एकाच घरातले असताना कोण कुणाला विचारणार? २०२३ मध्ये दिवाळखोरीची कारणं शोधायला संसदेची समिती नेमली, तिचं अध्यक्षपद त्याच पक्षाच्या सरचिटणीसांकडे गेलं. विरोधकांनी अंग काढून घेतलं. ज्याच्या कारभाराची चौकशी, त्याच्याच माणसाकडे चौकशीचं काम, अशा समितीच्या अहवालाला बाहेर किंमत राहत नाही.

मग लोक रस्त्यावर आले. ९ एप्रिल २०२२ पासून कोलंबोतल्या गॉल फेसच्या मैदानावर तंबू पडले, ९ मे रोजी महिंदांनी पंतप्रधानपद सोडलं, ९ जुलैला आंदोलक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि १४ जुलैला गोटाबायांनी सिंगापूरहून ईमेलने राजीनामा पाठवला. पण राजीनामा म्हणजे माणूस बदलला, संसद तीच राहिली. २० जुलैला त्याच संसदेने १३४ मतांनी, महिंदांच्या जागी पंतप्रधान झालेल्या रनिल विक्रमसिंघे यांना राष्ट्राध्यक्ष केलं. त्यांच्या स्वतःच्या पक्षाचा तेव्हा एकच खासदार होता. पुढे २०२३ च्या स्थानिक निवडणुका पैसे नसल्याचं कारण देऊन झाल्या नाहीत, आणि तोही मूलभूत हक्काचा भंग असल्याचं न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं.

दरम्यान भार कुणी उचलला ते पाहिलं पाहिजे. व्हॅट जानेवारी २०२४ मध्ये १८ टक्क्यांवर गेला. देशांतर्गत कर्जाच्या फेररचनेत कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीला कमी व्याजाचे, लांब मुदतीचे रोखे घ्यावे लागले, नाहीतर दुप्पटीहून जास्त कर भरा, अशी अट होती. खासगी बँकांच्या हातातल्या तशाच रोख्यांना हात लावला नाही. ज्याने एकही निर्णय घेतला नव्हता त्याच्या म्हातारपणाच्या पैशातून हिशेब भागवला गेला. जबाबदारीचा विषय एवढा महत्त्वाचा का, तर यासाठी.

मतदारांनी उत्तर दिलं ते सप्टेंबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये. राजपक्षे घराण्यातले उमेदवार, महिंदांचे पुत्र नमल यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी तीन टक्केही मतं मिळाली नाहीत आणि १४५ जागांचा पक्ष ३ जागांवर आला. २०१९ मध्ये अवघी ३ टक्के मतं मिळालेले अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. मत हे जबर हत्यार आहे, पण बोथट आहे. ते कोणत्या निर्णयासाठी कुणाला नाकारलं हे लिहून ठेवत नाही. ते काम निकालाने केलं.

आइसलँडमध्ये काय झालं

ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. तिथे आधी स्वतंत्र चौकशी आयोग बसवला, त्याला बँकांची आणि सरकारची कागदपत्रं बघण्याचे पूर्ण अधिकार दिले. एप्रिल २०१० मध्ये आलेला अहवाल दोन हजारांहून जास्त पानांचा होता आणि राजधानीतल्या नाट्यगृहात तो कलाकारांनी मोठ्याने वाचून दाखवला, सगळा. आयोगाने तीन मंत्री आणि चार अधिकाऱ्यांवर हयगयीचा ठपका ठेवला. पण खटला कुणावर भरायचा हे संसदेच्या मतदानावर होतं. ३३ विरुद्ध ३० मतांनी एकट्या माजी पंतप्रधान गेइर हार्डे यांच्यावर खटला भरला गेला, बाकीचे मंत्री थोडक्या मतांनी सुटले. मंत्र्यांसाठीचं ते खास न्यायालय १९०५ पासून कायद्यात होतं, बसलं मात्र पहिल्यांदाच. एप्रिल २०१२ मध्ये हार्डे एकाच आरोपात दोषी ठरले: बँकांवर एवढं मोठं संकट असताना त्यांनी त्यावर मंत्रिमंडळाची बैठक बोलावून चर्चा केली नाही. शिक्षा काहीच नाही.

नेमकं काय सिद्ध झालं ते बघा. बैठकच नाही, म्हणजे इतिवृत्त नाही. इतिवृत्त नाही, म्हणजे कुणी काय म्हटलं त्याची नोंद नाही. संकट ओळखता आलं नाही याबद्दल त्यांना दोषी धरलेलं नाही.

नियमात काय बदललं, आणि आपल्याकडे

श्रीलंकेने २०२३ मध्ये मध्यवर्ती बँकेचा नवा कायदा केला. सरकारला थेट नोटा छापून देणं बंद. महागाईचं लक्ष्य ५ टक्के ठरलं आणि सलग दोन तिमाह्या ते हुकलं तर बँकेने कारणं आणि उपाय लिहून संसदेला अहवाल द्यायचा, तो जनतेसमोरही ठेवायचा. २०२४ च्या वित्तीय व्यवस्थापन कायद्याने व्याज सोडून सरकारचा बाकीचा खर्च जीडीपीच्या १३ टक्क्यांत बांधला. उद्या कुणी कर निम्मे करायचं म्हटलं, तर ट्रेझरी बिलं विकत घ्यायला मध्यवर्ती बँक उभी नसेल. गव्हर्नर सरकारच्या मर्जीतला असला तरी कायदा मोडल्याशिवाय ते करता येणार नाही, आणि कायदा मोडला की कोर्टात दाखवायला कागद तयार असतो.

भारतात २००३ चा वित्तीय जबाबदारी कायदा आहे. केंद्र सरकारची तूट मार्च २०२१ पर्यंत जीडीपीच्या ३ टक्क्यांवर आणायची होती, कोविडच्या त्या वर्षी ती ९ टक्क्यांच्या वर गेली. अपवादाचं कलम कायद्यातच आहे, चुकल्यास शिक्षा नाही. महागाईसाठी रिझर्व्ह बँकेला ४ टक्क्यांचं लक्ष्य आहे, वरखाली दोन टक्क्यांची मुभा. सलग तीन तिमाह्या ते हुकलं तर बँकेने केंद्र सरकारला कारणं लिहून कळवायची. तशी वेळ २०२२ मध्ये पहिल्यांदा आली. ३ नोव्हेंबरला व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची खास बैठक झाली, पत्र गेलं. कायद्यात ते जाहीर करण्याची सक्ती नाही, म्हणून त्या पत्रात कारणं काय दिली होती हे तेव्हा संसदेपुढे आलं नाही, आणि ज्यांच्या घरात त्या वर्षी तेल-डाळीचा भाव रोज मोजला जात होता त्यांनाही ते वाचायला मिळालं नाही.